येळवशीचं पहिलं ताट

सुनेचा पुण्याहून मेसेज आला, ‘आई, भज्जीची रेसिपी पाठवा ना. चौघांसाठी.’ मी मोबाईल ओट्यावर पालथा घातला आणि आधी चहा टाकला. रेसिपी द्यायला माझी कधीच ना नसते. शेंगाचटणी किती कुटायची, पुंडीच्या, म्हणजे अंबाडीच्या पाल्यात कण्या कधी घालायच्या, कडक भाकरी वातड होऊ नये म्हणून काय करायचं, हे मी विचारणाऱ्याला सांगते आणि न विचारणाऱ्यालाही सांगते. शाळेच्या ऑफिसात नोकरीला होते तेव्हा माझ्या या सवयीला तिथल्या बायका कंटाळल्या होत्या. पण चौघांची भज्जी म्हटल्यावर माझं डोकं जरा फिरलंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, भज्जी म्हणजे कढईत तळायची भजी नव्हे. ती येळवशीची भाजी. मार्गशीर्ष संपताना जी अमावस्या येते ती आमची येळवस, कॅलेंडरात तिला वेळ अमावस्या म्हणतात. त्या दिवशी अक्कलकोटकडची आमची माणसं घरात जेवत नाहीत, शेतात जाऊन जेवतात. रानात त्या वेळी जे म्हणून हिरवं असतं, ते सगळं या एका भाजीत पडतं. तुरीचे ओले दाणे, सोललेला हरभरा, पावटा, वाटाणा, भुईमुगाचे दाणे. मेथी, चुका, हरभऱ्याचे कोवळे शेंडे, कांद्याची पात. गाजराचे तुकडे. चार बोरंसुद्धा. यातलं एखादं नसलं तर शेजारच्या शेतातून मागून आणायचं आणि आपल्याकडचं एखादं त्यांना द्यायचं. म्हणून भज्जी कुठल्याच एका घराची नसते, आणि म्हणूनच ती चौघांपुरती होत नाही.

तरी सून आहे, विचारतेय, तर सांगायला हवं. चहा पिऊन झाल्यावर मी बोलून मेसेज पाठवला. दाणे आधी शिजव, पण पार गाळ करू नकोस, दाणा दाताखाली आला पाहिजे. पालेभाजी चिरून त्यात टाक. ताकात बेसन कालव, गुठळी राहू देऊ नकोस, आणि ते हळूहळू ओतत ढवळत राहा. ढवळायचं थांबलीस तर बुडाला लागेल आणि मग सगळ्या भांड्याला वास येईल. चिंचेचा कोळ बेताने घाल, चुका आधीच आंबट असतो. लसूण आणि हिरवी मिरची पाट्यावर रगड, तुझ्याकडे पाटा नाही तर मिक्सरला एकच गिरकी दे. तेलात जिरं आणि ते वाटण परतून वरून ओत. मग रटरट शिजू दे. जोडीला बाजरीची भाकरी, आणि आदल्या दिवशी ज्वारीचं पीठ ताकात भिजवून केलेली आंबील.

तिने लगेच विचारलं, बेसन किती वाट्या. मी म्हटलं, भाजी मागेल तितकं. तिकडून हसण्याचं चित्र आलं. येळवस कामाच्या वारी येत होती म्हणून तिने त्याच्या अलीकडच्या रविवारीच भज्जी करून टाकली आणि फोटो पाठवला. गोठवलेला वाटाणा, मक्याचे दाणे, वर कोथिंबीर. मी ‘छान’ असं लिहिलं. पोरगी नोकरी करून एवढं करते, तिला नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही.

एक गोष्ट मात्र मी तिला सांगितली नाही. सांगायची राहिली असं नाही, रेसिपीत ती कुठे बसवावी हेच कळेना. आमच्या घरात भज्जीचं पहिलं ताट वाटसरूचं असतं. कडब्याच्या कोपीत पाच पांडवांचे दगड मांडून त्यांना नैवेद्य दाखवायचा, पिकावर आंबील शिंपडायची, आणि मग बांधावरून जाणाऱ्या कुणाला तरी हाक मारायची. तो माणूस बसून, पोटभर जेवून उठल्याशिवाय घरच्यांनी घास घ्यायचा नाही. पाहुणा चालत नाही, कारण त्याला आपण बोलावलेलं असतं. डबा भरून देऊनही चालत नाही. रस्त्याने आपल्या कामाला चाललेला, वाटेत थांबलेला असाच माणूस पाहिजे. हा सासूबाईंचा नियम, आणि त्या नियमाच्या बाबतीत त्या फार कडक होत्या. इतर घरांतही येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावतात, पण आमच्याइतकं ताणून कुणी धरत नाही.

आमचं शेत रस्त्याला लागून होतं, त्यामुळे माणसाची कधी वाण पडली नाही. हे बांधावर उभे राहून मोठ्यानं बोलवायचे, “बर्री, ऊटा माड्री.” या, जेवा. अनोळखी माणसाला घरातल्या कानडीत हाक मारायची त्यांची तऱ्हा होती. समोरचा मराठी आहे का तेलुगू आहे याचा ते विचारच करत नसत. एका वर्षी पंजाबकडचा एक ट्रकवाला थांबला. त्याला ना मराठी येत होतं ना कन्नड. भज्जीकडे त्याने आधी संशयानं पाहिलं आणि मग तीनदा मागून घेतली. जाताना त्याने पांडवांच्या दगडांनाही हात जोडले. हे कितीतरी दिवस त्या माणसाची आठवण काढत होते.

ते शेत पुढे रस्त्यात गेलं. मग हेही गेले. मुलाने पुण्यात घर केलं. मी इथेच जुळे सोलापुरात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये राहिले, कारण पुण्याला महिनाभर राहून पाहिलं आणि माझं मन रमेना. काही वर्षं येळवशीला चुलतदिरांच्या शेतात जात होते. तिथे मला मान होता, पण नियम त्यांचे होते, आणि आता तेही थकून लेकीकडे लातूरला गेले. मागच्या वर्षी येळवशीच्या दिवशी मी मुगाची खिचडी खाल्ली होती.

यंदा सुनेला रेसिपी सांगता सांगता माझ्याच तोंडाला पाणी सुटलं. पण खरं कारण ते नव्हे. मला एकटीनं जेवायचा कंटाळा आला आहे, हे सरळच सांगते. एकटीसाठी भाकरी थापताना तवा तापायच्या आधी भूक मरते. टीव्ही लावून जेवते, तर काय खाल्लं ते आठवत नाही. येळवशीच्या नियमाच्या निमित्ताने कुणाला तरी घरात बसवता येईल, त्याला वाढता येईल, आणि त्याच्या मागून मला भरल्या घरासारखं जेवता येईल, एवढाच माझा हेतू होता. देवाधर्माचं नाव पुढे करून मी स्वतःची सोय बघत होते. पण नियम म्हणजे नियम. कुणी आलं नाही तर मी उपाशी राहणार, हे मी आदल्या दिवशीच मनाशी ठरवून टाकलं. माझा स्वभाव असा हट्टीच आहे.

मंडईत गेले तर तुरीच्या शेंगा बघून हात आवरेना. भाजीवाली म्हणाली, “मावशी, किती माणसं हायती घरात?” मी म्हटलं, लई हायती. तिने वर मूठभर जास्तीच टाकल्या. दुपारभर शेंगा सोलत बसले. शेतात हेच काम आम्ही बायका घोळक्यानं करायचो, आणि त्यात सगळ्या गावाची उणीदुणी निघायची. इथे सोलताना बोलायला कुणी नाही, म्हणून सोलणं लवकर आटोपेल असं वाटलं होतं, पण उलट ते संपेचना. संध्याकाळी बोटं काळी पडली आणि नखं दुखायला लागली.

येळवशीच्या सकाळी सगळं रीतसर केलं. बाल्कनीत कुंडीपाशी पाच खडे मांडले, त्यांना चुना लावला, नैवेद्य दाखवला. पीक नव्हतं म्हणून कुंड्यांवरच आंबील शिंपडली. ती खालच्या मजल्यावर वाळत घातलेल्या धुण्यावर उडाली आणि खालून ओरडा आला. मी पटकन आत सरकले. भज्जी मात्र अशी झाली होती की वास जिन्यापर्यंत गेला असेल. चौघांची काय, ती चाळीस जणांना पुरली असती. हात जुन्या मापाने चालतो, त्याला मी काय करणार.

मग माणूस शोधायला निघाले. समोरच्या दाराची बेल वाजवली. तिथली बाई बँकेत आहे, त्या दिवशी रजेवर होती. मी म्हटलं, या, आमची येळवस आहे, आमच्याकडे बसून जेवा. शेजारणीला तशी वाटसरू म्हणता येत नाही, पण मी नियम थोडा सैल करायला तयार झाले होते. तिचा चेहरा उतरला. आमच्यात अमावस्येला दुसऱ्याच्या घरचं खात नाहीत काकू, ती म्हणाली, डब्यात द्या, उद्या खाईन. अमावस्या म्हणजे आमचा वर्षातला सगळ्यात भरल्या पोटाचा दिवस, आणि शहरात त्याच दिवशी लोक दुसऱ्याच्या अन्नाला भितात, हे मी सोलापुरात इतकी वर्षं राहून विसरलेच होते. शेतावर असताना हा प्रश्नच कधी आला नव्हता.

खालच्या मजल्यावर गेले. धुण्याबद्दल आधी माफी मागितली, मग जेवायला बोलावलं. त्या बाईने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं की अमावस्येला हे पांढरं पाणी वरून का टाकलं होतं. तिला तो उतारा वाटला होता. तिच्या लेकरावरून मी काही उतरवून टाकलं, असं तिच्या मनात होतं. मी आंबील म्हणजे काय ते समजावून सांगायला लागले, तर तिने हो हो म्हणत दार हळूच लोटलं. माझी कानशिलं तापली. वर येताना जिन्यात मी मोठ्यानं काहीबाही बोलत होते, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

गॅसची टाकी घेऊन एक जण आला होता, त्याला विचारलं. त्याची गाडी खाली रस्त्यात आडवी लागलेली, तो थांबेना. मग मी स्वतःच खाली गेटपाशी जाऊन उभी राहिले. जाणाऱ्या-येणाऱ्याला हाक मारायला तोंड उघडायचे आणि आवाजच फुटायचा नाही. शेतात हाक मारणारे हे होते, मी कधी मारलीच नव्हती. शेवटी टॉवेलच्या कारखान्यातून सुटलेली एक बाई दिसली, तिला म्हटलं, ये बाई, जेवायला ये. तिने रिकामा डबा हलवून दाखवला. “जेवले की मावशी आत्ताच. पोटात जागाच न्हाय,” म्हणाली आणि माझ्या खांद्याला हात लावून गेली. तिचा हात लागला तेव्हा मला रडायला आलं. मी वर आले.

तीन वाजून गेले असतील. भज्जीवर साय धरली होती. भुकेनं डोकं दुखत होतं. मी एक ताट घेतलं, त्यात भाकरी ठेवली आणि ते तसंच परत ठेवून दिलं. सासूबाई जाऊन किती वर्षं झाली, हे नाहीत, शेत नाही, मला बघणारं कुणी नाही, तरी हात तोंडाकडे जाईना. हे शहाणपण की खुळेपणा, ते मला आजही ठरवता येत नाही.

तेवढ्यात बेल वाजली. दारात मुलगा उभा. खांद्याला ऑफिसची बॅग, हातात गाडीची किल्ली. कामासाठी हैदराबादला चालला होता, एकटाच गाडी चालवत. आधी कळवलं असतं तर तू राबत बसली असतीस म्हणून नाही कळवलं, म्हणाला. येळवस आहे हे त्याच्या गावीही नव्हतं. आत पाऊल टाकल्याबरोबर त्याने नाक वर केलं आणि म्हणाला, “अव्वा, भज्जी?”

मला एवढा आनंद झाला की काय करू नि काय नको. पाट मांडला, पाणी ठेवलं, भाकरी पुन्हा गरम करायला टाकली, भज्जीला उकळी आणली. तो हातपाय धुऊन आला, पाटावर बसला आणि ताट पुढे आल्यावर थबकला. “कुणी जेवून गेलं का?” त्याने विचारलं. मला वाटलं नव्हतं की त्याला आठवत असेल. हो म्हणाले असते तर विषय मिटला असता, पण येळवशीच्या दिवशी माझ्याने खोटं बोलवेना. सकाळपासूनची सगळी कथा सांगितली. उताऱ्याचं ऐकून तो हसला. मग म्हणाला की लहानपणी तू मला या नियमापायी किती रडवलंस, सगळ्या शेताला वास सुटलेला असायचा आणि मी बांधावर बसून सायकलवाल्यांना शिव्या घालायचो.

तो खरंच उठला आणि खाली जाऊन आला. वॉचमन जेवायला घरी गेलेला. परत येऊन त्याने घड्याळात पाहिलं. त्याला पुढे पाच-सहा तास गाडी चालवायची होती, फार रात्र व्हायच्या आत पोचायचं होतं. अव्वा, मी आता दहा मिनिटांत निघतो, म्हणाला, वाटेत कुठे तरी खाईन, तू माझ्यासाठी नियम मोडू नकोस.

माझा मुलगा माझ्या दारातून उपाशी जाणार आणि पुढे कुठल्या तरी ढाब्यावर जेवणार, हे मला सहन होईना. मी त्याचा हात धरून त्याला पाटावर बसवलं.

“बस की. तूच वाटसरू,” मी म्हटलं. “रस्त्यानं चाललास, वाटेत थांबलास, जेवून पुढं जाणार. वाटसरू आणखी कसा असतो?”

मी हे थट्टेनं म्हटलं होतं. म्हणजे तोंडातून बाहेर पडेपर्यंत ती थट्टाच होती. तो हसला, आणि मग हसता हसता थांबला. स्वयंपाकघरात भज्जी रटरटत होती, तिच्याखालचा गॅस बंद करायला मी वळले आणि उगाच जरा वेळ तिकडेच तोंड करून उभी राहिले.

तो जेवला. खाली मान घालून, शांतपणे, भाकरी कुस्करून. भज्जी दोनदा मागून घेतली. तू पण बस ना, असं एकदा म्हणाला. मी नको म्हटलं, तुझं होऊ दे. त्याने पुन्हा आग्रह केला नाही, नियम त्यालाही माहीत होता. वाटसरू जेवताना घरच्यांनी वाढायचं असतं. मी वाढलं, तूप सोडलं, ताक दिलं. पुण्याची, नातवंडांची चौकशी केली. पाहुण्याशी बोलतात तसं आम्ही रस्त्याबद्दल बोललो, कुठे काम चाललंय, कुठे वळण घातलंय. बायकोने रविवारी केलेल्या भज्जीचं नाव त्याने काढलं नाही आणि मीही काढलं नाही.

हात धुऊन त्याने बूट घातले, वाकून नमस्कार केला आणि ‘येतो’ म्हणाला. परतताना थांबशील का, असं विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं. परतीला तो विमानाने जाणार आणि गाडी ऑफिसचा कुणी आणणार, हे त्याने जेवतानाच सांगितलं होतं. मी बाल्कनीत गेले. गाडी गेटातून निघाली, कोपऱ्यावर थांबली, आणि वळली.

आत येऊन मी त्याचं ताट उचललं, जागा पुसली आणि माझं ताट वाढून घेतलं. पहिलं ताट झालं होतं. आता घरच्यांनी जेवायला हरकत नव्हती. घरची म्हणून मी एकटीच होते, ती बसले आणि जेवले.